दुसरी सोनोग्राफी

दसऱ्यानंतरचा सोमवार. हजर: भाची, सहावा महिना, तिचा नवरा, तिची सासू, आणि मी, मावशी. भाचीची आई हयात नाही, म्हणून कागद, दशम्या, पाणी आणि कमरेला टेकायची उशी मीच घेतली. आष्टीहून पहाटे जीप निघाली.

आष्टीच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाबद्दल शंका आली होती. नीट बघायला पुण्याच्या हृदयतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं होतं. बाईंनी पोटावरून यंत्र फिरवत बराच वेळ काढला. मग सगळ्यांना आत घेऊन कागदावर चित्र काढलं. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींना ओलांडून जायला हव्यात. बाळाच्या शेजारी-शेजारी निघाल्या होत्या. पोटात आहे तोवर धोका नाही. जन्मल्यावर मात्र लगेच औषध आणि थोड्याच दिवसांत ऑपरेशन. म्हणून बाळंतपण इथेच व्हायला हवं. "वेळेवर केलं तर बहुतेक मुलं चांगली वाढतात," बाई म्हणाल्या.

सासूने विचारलं, "मुलगी हाय ना? तेवढं सांगा."

"ते मी सांगत नाही. बाहेर पाटी आहे."

"पाटी आमच्याकडं बी हाय."

परतताना नगरच्या अलीकडे चहाला थांबलो. सासू मला म्हणाली, "इहीणबाई, शिकलेल्या असून कशा भुलता? पहिली पोरगी. त्यात दुसऱ्यांदा बघाया लावलं. सरळ बोलायची बंदी हाय, म्हणून काळजाचं नाव."

"काळीज धडधडत होतं की," भाची म्हणाली. "मी आइकलं."

"पोरींला काय काळीज नसतं व्हय?"

जावई हसला. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाला, "मावशी, आईचं बी खरं असंल."

ही समजूत तिने हवेतून आणलेली नव्हती. एके काळी आमच्याकडे पुन्हा तपासायला सांगितलं, की घरचे ‘मुलगी आहे’ असं समजून घेत आणि सुनेला कुठंतरी नेऊन मोकळी करून आणत. ती दारं बंद झाली, समजूत राहिली. पाडायची गोष्ट तिने काढली नाही, एवढ्यासाठी तिचे आभार मानावेत, अशी आमची पायरी.

मी कामाला लागले. पुण्यात दवाखान्याजवळ खोली घेतली, गाडी सांगून ठेवली, रक्त द्यायला दोघे तयार केले. आठव्या महिन्यापासून फोन करत होते. सासूचं उत्तर एकच: "पहिलं बाळंतपण तुमचं झालं. दुसरं आमचं. रीत मोडायची न्हाई." नववा लागला तशी मी गाडी घेऊन दारात गेले. भाची पिशवी घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. जावयाने पिशवी हातातून घेतली. "पुढच्या आठवड्यात मीच आणतो, मावशी." भाची माझ्याकडे बघत राहिली. मी रिकामी गाडी घेऊन परतले.

त्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या. बाळ जवळच्याच दवाखान्यात जन्मलं. मुलगा. रडला जोरात, वजन चांगलं. सासूने पेढे वाटले. संध्याकाळी त्याचे ओठ आणि नखं निळी पडली. अँब्युलन्स पुण्याकडे निघाली, ती नगरच्या पुढे गेली नाही.

मी भेटायला गेले तेव्हा भाची भिंतीकडे तोंड करून झोपली होती. सासू माझ्या गळ्यात पडून रडली. "त्या डॉक्टरीनबाईनं तवाच मुलगा हाय म्हणून सांगितलं असतं, तर रान इकून पुण्यात ठेवलं असतं की हो. कावून न्हाई सांगितलं तिनं?"

"सांगितलं होतं. चित्र काढून सांगितलं होतं."

"ते काळजाचं. मुलाचं न्हाई सांगितलं."

घरी आल्यावर खोली सोडली. गाडीवाल्याला कळवलं, रक्त देणाऱ्या दोघांनाही. एक काम उरलंय. त्या दिवशी दारापर्यंत सोडायला येऊन डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "बाळ जन्मलं की मला फोन करा. आम्ही तयारीत असू." तो फोन मी अजून केलेला नाही.