गेटाच्या अलीकडचं बेट

सांगतो, सांगतो. पण आधी तो कराक चहाचा कप नीट धरा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एका गृहस्थांना ठसका लागला आणि माझा इस्त्रीचा शर्ट कामातून गेला. कार्यक्रमाला अजून वीस मिनिटं आहेत, तेवढ्यात होईल सांगून. आणि हो, गाढवपणा माझाच आहे, पण साधासुधा समजू नका. असा गाढवपणा करायला अठरा वर्षांचा अनुभव लागतो!

मी मूळचा नाशिकचा, राहायला इथे कुवेतमध्ये, मंगफ भागात. रिफायनरीत शटडाउन प्लॅनर आहे. म्हणजे काय, तर प्लांट बंद ठेवून दुरुस्ती करायची असली की कोणता माणूस किती वाजून किती मिनिटांनी कुठे उभा असेल, ते मी ठरवतो. आमच्या घरी इडल्यासुद्धा वेळापत्रकाप्रमाणे फुगतात. निदान फुगाव्यात अशी माझी अपेक्षा असते.

आता रिफायनरीत काम करणाऱ्याच्या हाडीमासी काय खिळतं माहीत आहे? गेट! पास असेल तर तुम्ही इंजिनियर, नसेल तर तुम्ही कोणीच नाही. नवीन असताना एकदा मी पास घरी विसरलो होतो. जुलै महिना, डोक्यावर सूर्य, आणि गेटच्या बाहेर साडेतीन तास मी भाजत उभा. त्या दिवसापासून जाळीचं कुंपण आणि गणवेशातला माणूस दिसला की माझे पाय आपोआप थांबतात.

तर गेल्या वर्षी मेव्हण्याच्या पन्नाशीसाठी आम्ही अमेरिकेला गेलो. मी, माझी बायको मेधा आणि आमची चौदा वर्षांची ईशा. तिथून मेव्हण्याने आम्हा तिघांना पाच दिवसांच्या कॅरिबियन क्रूझवर धाडलं. त्यात एक बेट. सकाळी नऊला उतरायचं, पाचच्या आत जहाजावर परत. बेटाचं नाव विचारू नका, त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही.

जहाजावर सहली ठेवलेल्या होत्या. हातात झेंडा घेतलेला गाइड पुढे आणि त्याच्यामागे चाळीस माणसांची रांग. मेधा म्हणाली, "अहो, घेऊ या का एखादी?"

"मी असताना गाइड? मेधा, मी दोन हजार माणसांचा शटडाउन काढलाय!"

झालं. ती गप्प बसली. गप्प बसलेल्या बायकोला मान्य आहे असं समजणं ही माझी पहिली चूक.

उतरलो. अहाहा, काय गाव होतं म्हणून सांगू! गुलाबी, पिवळी, निळी घरं. चौकात कारंजं. खांद्यावर पोपट बसवून फोटो काढणारा माणूस. पिंपाच्या तळावर ठोकून गोड सूर काढणारे तिघे वादक. एक दीपस्तंभ, एक छोटं चर्च, समुद्राकडे तोंड करून ठेवलेली जुनी तोफ. आणि सगळं कसं हाकेच्या अंतरावर! मी मनात म्हटलं, वा, टाउन प्लॅनिंग असावं तर असं.

चर्चमध्ये गेलो तर आत घड्याळांचं दुकान. मी लगेच ईशाला समजावलं, "बघ, इथे देवळाला जोडूनच बाजार असतो. आपल्याकडेही असतोच की." तोफेवर टिचकी मारली तर ती टकटक वाजली. फायबर! मला तर कौतुकच वाटलं. खाऱ्या हवेत लोखंड किती टिकणार? दूरदृष्टीचे लोक होते म्हणायचे.

कारंज्याच्या पलीकडे जाळीचं उंच कुंपण होतं. त्यात एक गेट, गेटवर दोन गार्ड. माणसं कार्ड दाखवून ये-जा करत होती आणि पलीकडे ओळीने बसगाड्या उभ्या. माझे पाय जागीच थांबले.

"इथून पुढे जायचं नाही," मी म्हणालो. "पलीकडे प्लांट आहे."

"कसला प्लांट?" मेधाने विचारलं.

"काहीतरी असेल. रिस्ट्रिक्टेड एरिया मला लांबून ओळखू येतो. त्या कंपनीच्या बस. आणि ही बघ, आत्ता शिफ्ट सुटली."

ईशाने कपाळावर हात मारला. "बाबा, दे आर इन स्विमसूट्स."

"गरम प्रदेश आहे. ड्रेसकोड तसा असेल."

"अहो, पण त्या आजीबाईंच्या कमरेला फुगवलेलं बदक आहे!" मेधा म्हणाली.

"सेफ्टी इक्विपमेंट," मी म्हणालो.

"बाबा, आपल्याकडे पण शिप कार्ड आहे. कॅन वी जस्ट आस्क देम?"

"ईशा! गेटवर उगाच प्रश्न विचारायचे नसतात. बाबांनी साडेतीन तास उन्हात काढलेत, माहीत आहे ना?"

माहीत होतं तिला. घरात हे वाक्य महिन्यातून एकदा होतंच. मग आम्ही त्या चौकाला सात फेऱ्या मारल्या. शहाळं प्यायलो, ईशाच्या केसांच्या बारीक बारीक वेण्या घालून घेतल्या, पोपटाबरोबर फोटो काढले, शिवाय पोपटाचं चित्र असलेला एक शर्ट घेतला. दुपारी दोनलाच सगळं बेट बघून संपलं! वेळापत्रकाच्या तीन तास आधी! मला इतका अभिमान वाटला की मी तिथूनच आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: 'कॅरिबियन बेट, स्वतःच्या हिमतीवर, गाइडशिवाय, पाच तासांत पूर्ण.'

आणि इथून गाडी घसरायला लागली.

मंडळाच्या नऊ कुटुंबांनी पुढच्या हिवाळ्यात कॅरिबियन सहल करायचं ठरवलं होतं. त्यांना सहलप्रमुख हवा होता. आता खरं सांगतो, मला ते पद हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. अठरा वर्षं या मंडळात मी काय केलंय? खुर्च्या मांडल्या, पार्किंग सांभाळलं, आणि हॉलची किल्ली मागायला हारिसच्या, म्हणजे इथल्या रखवालदाराच्या, खोलीचं दार ठोठावलं. माझं नाव माइकवरून एकदाच पुकारलं गेलं होतं, आणि तेही गाडी काढायला.

अध्यक्ष मोघे म्हणाले, "श्रीकांतराव, तुम्ही एक भाषणच द्या. 'कॅरिबियन बेटावर काय पाहावं, काय करावं.' लोकांना आवडलं की लगेच तुमचं नाव जाहीर करून टाकू."

शुक्रवारची संध्याकाळ, हॉल भरलेला. मी पोपटाचा शर्ट घातला. हवल्लीच्या बाजारातून खास नवे बूट आणले होते. प्रोजेक्टर, पंचेचाळीस स्लाइड्स, हातात लाल दिव्याची कांडी. मेधा पहिल्या रांगेत, चेहऱ्यावर माझं कौतुक. ते कौतुकच होतं असं आपण धरून चालू.

दहा मिनिटं मी असा रंगलो म्हणता! दीपस्तंभाचा इतिहास सांगितला. कुठून आणला? अंदाजाने. तोफ कोणत्या लढाईत धडाडली असेल, तेही सांगितलं. लोक वहीत टिपून घेत होते हो!

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला. सुनंदाताई. चिपळूणच्या, इथल्या हॉस्पिटलात नर्स आहेत, मंडळात नुकत्याच आलेल्या.

"दादा, मला एवढा आनंद झालाय म्हणून सांगू! कुवेतला येण्याआधी मी तीन वर्षं क्रूझच्या दवाखान्यात होते. या बेटावर दर बुधवारी उतरायचो आम्ही. हा दीपस्तंभ म्हणजे तोच ना, ज्याच्या आत बायकांचं टॉयलेट आहे?"

मी मेधाकडे पाहिलं.

"हो," मेधा म्हणाली. "स्वच्छ होतं."

"नंतर रूपांतर केलेलं दिसतंय," मी म्हणालो आणि घाईघाईने पुढची स्लाइड लावली.

"हां, हे ते घड्याळांचं चर्च! आमच्या तिसऱ्या वर्षी बांधलं की हो हे. आधी तिथे आइस्क्रीमचं दुकान होतं." ताईंचा आवाज निर्मळ होता, टोमणा नव्हता त्यात. म्हणून तर जास्त लागलं. "बरं दादा, बंदराच्या आतलं दाखवलंत छान. आता गेटबाहेरचं दाखवा ना!"

"गेटबाहेरचं?"

"म्हणजे बेट हो!"

मी आवाज भारदस्त करून म्हणालो, "ताई, गेटच्या पलीकडे रिस्ट्रिक्टेड एरिया आहे."

"कोण म्हणालं?"

आता कोण म्हणालं हे सांगायला हॉलमध्ये एकच माणूस होता, आणि तो पोपटाचा शर्ट घालून उभा होता. पण मला उत्तर द्यावंच लागलं नाही. मागच्या रांगेतून ईशाचा आवाज आला, "बाबा, आय टोल्ड यू!"

मग ताईंनीच सांगितलं. ती रंगीत घरं क्रूझच्या प्रवाशांसाठी बांधलेली, सगळी बंदराच्या कुंपणाच्या आत. खरं बेट गेटाच्या पलीकडे. पांढऱ्या वाळूचा किनारा, पाण्यात उभं राहिलं तर पायाशी मासे दिसतात. डोंगरात धबधबा. खराखुरा किल्ला, खऱ्या लोखंडी तोफा. आणि एका गावात लाल झेंडे लावलेलं मारुतीचं देऊळ. आपल्याच देशातून ऊस तोडायला गेलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांनी राखलेलं.

"म्हणजे श्रीकांतराव," अध्यक्ष मोघे सावकाश म्हणाले, "तुम्ही एवढ्या लांब जाऊन फक्त गेटपर्यंत पोचलात?"

हॉल जो हसला! अहो, बाहेरचा हारिस धावत आत आला, काय झालं बघायला. माझे कान तापले. लाल दिव्याची कांडी कुठे लपवावी कळेना. अठरा वर्षांनी माइक मिळाला आणि त्याच्यावर मी काय सांगितलं? तर टॉयलेटचा इतिहास!

"तर मग सहलप्रमुख सुनंदाताई," मोघ्यांनी जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. बरं वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू?

पण ताई उठून उभ्या राहिल्या. "फिरवीन मी. पण दादा पाहिजेत. दर बुधवारी कुणी ना कुणी उशिरा यायचं आणि जहाज निघून जायचं. रडारड मी बघितली आहे. तीस माणसं मोजून वेळेत आत आणायची म्हणजे दादांसारखाच माणूस लागतो. गेटला घाबरणारा!"

पुन्हा हशा. पण हा हशा वेगळा होता, आणि मला तो चक्क आवडला.

त्या रात्रीच मी कामाला लागलो. रिफायनरीतली पद्धत: तीस बिल्ले, नंबर घातलेले, लॅमिनेट केलेले. गेटाबाहेर जाताना बिल्ला माझ्या हातात द्यायचा, परत आल्यावर माझ्याकडून घ्यायचा. बिल्ला हातात म्हणजे माणूस बाहेर. यात चूक होऊच शकत नाही!

गेल्या डिसेंबरात गेलो. तेच बेट, तेच कारंजं, तोच पोपट. त्याने मला ओळखलं असावं. सव्वानऊला सगळे बिल्ले माझ्या हातात आणि ताईंच्या मागे माणसं गेटाबाहेर. ईशा जाता जाता म्हणाली, "बाबा, कम ना, प्लीज!"

"आणि माझा बिल्ला कोणाकडे देऊ?"

ती खांदे उडवून ताईंच्या मागे पळाली. पद्धतच तशी होती, आणि पद्धत माझी होती. मी कारंज्याशेजारी उन्हात उभा राहिलो. साडेतीन नाही, सात तास!

दुपारी सव्वाचारला शेवटचा बिल्ला माझ्या हातातून गेला. तीसच्या तीस आत! पाचला भोंगा झाला तेव्हा आमची माणसं डेकवर वडे खात होती, आणि खाली धक्क्यावर दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपचे चौघे चपला हातात घेऊन धावत होते. सुनंदाताईंनी माझ्या हातावर मारुतीचा अंगारा ठेवला. मेधा सगळ्यांसमोर म्हणाली, "आमचे हे आहेत म्हणून आपण सगळे आहोत." अठरा वर्षं थांबलो होतो हो मी या वाक्यासाठी! दोनदा जाऊन मी ते बेट अजून पाहिलेलं नाही, पण छाती फुगायची राहिली नाही.

असो. घंटा झाली वाटतं. आतला कार्यक्रम सुरू होतोय: 'कॅरिबियन बेटावर काय पाहावं, काय करावं.' वक्त्या सुनंदाताई. ऐकण्यासारखं बोलतात, चुकवू नका. मी? नाही हो, मला कसं येता येईल आत? दारावर मी आहे.

चला, पास दाखवा.