दोन सरकारांची झाडं

परदेशातल्या एका प्रांताचं सरकार आणि आपलं राज्य सरकार यांनी मिळून संत्र्यावर संशोधन करायचं ठरवलं, आणि त्या करारात रोपांची जबाबदारी घेणारी शास्त्रज्ञ म्हणून माझं नाव पडलं. खरं तर तिथं आमच्या साहेबांचं नाव असायला हवं होतं. पण त्यांची निवृत्ती जवळ आली होती, बाकीचे दोघे बदलीची वाट पाहत होते. उरले मी. कंत्राटावर होते, पण झाडांच्या रोगांवर माझी पीएचडी होती आणि इंग्रजीत बोलायची मला भीती नव्हती. सही झाली त्या संध्याकाळी मी अकोल्याहून अमरावतीला पेढे घेऊन गेले. नवरा म्हणाला, "आता तू आंतरराष्ट्रीय झालीस." मुलगी तेव्हा बालवाडीत होती. तिनं दोन पेढे खाल्ले आणि तिसरा फ्रॉकच्या खिशात ठेवला.

मी संत्र्याच्या घरातली. माहेर मोर्शीकडचं. बाबांची बाग माझ्या लहानपणी अशी होती की बहर धरला की रस्त्यावरून जाणारा माणूस सायकल थांबवून उभा राहायचा. मग डिंक्या आला. खोडातून डिंक गळतो, मुळं कुजतात, झाड वरून पिवळं पडत पडत वाळतं. बाबांनी काय काय केलं ते सांगत बसत नाही. तिकडच्या प्रांतातही हाच रोग होता आणि त्यांनी त्याला दाद न देणारा एक नवा खुंट तयार केला होता, म्हणजे ज्यावर संत्र्याचं कलम बांधतात ते झाड. आमच्या काळ्या मातीत आणि अकोल्याच्या उन्हात तो टिकतो का हे त्यांना बघायचं होतं, कारण त्यांच्याकडचा उन्हाळाही वर्षागणिक वाढत चालला होता. त्यांना आमचं ऊन हवं होतं, आम्हाला त्यांची मुळं.

बी आलं, रोपं झाली, त्यांच्यावर आम्ही आपली नागपुरी संत्री बांधली. परदेशी झाडाबरोबर एखादा नवा रोग येऊ नये म्हणून ती सगळी जाळीघरात ठेवायची होती. चारी बाजूंनी बारीक जाळी, वर प्लॅस्टिकचं छत, आणि एकामागे एक दोन दारं. बाहेरचं दार बंद केल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. मधल्या जागेत चपला, पिशवी, मोबाईल ठेवायचा, एप्रन आणि आतले बूट घालायचे. आत जाण्याची परवानगी करारात ज्यांची नावं होती त्यांनाच.

सुरुवातीचे दिवस फार छान गेले. तिकडं माझ्यासारखंच काम करणाऱ्या एक बाई होत्या, वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. आठवड्यातून एकदा आम्ही पडद्यावर भेटायचो. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच तुटक होतं, त्यामुळं दोघींना एकमेकींचं नीट समजायचं. मी पान कॅमेऱ्यासमोर धरायचे, त्या चष्मा वर करून बघायच्या आणि म्हणायच्या, "सुंदर!"

मग तिकडं निवडणूक झाली आणि सरकार बदललं. नव्या सरकारनं जुन्या सरकारचे सगळे बाहेरचे करार तपासायला घेतले. आमचाही. आमच्या साहेबांनी मुंबईला विचारलं, पुढं काय करायचं? मुंबईहून उत्तर आलं, तिकडचं कळेपर्यंत काही करू नये. म्हणजे झाडं बाहेर लावायची नाहीत आणि नष्टही करायची नाहीत. साहेब निवृत्त झाले. दोघांच्या बदल्या झाल्या, एक धारणीला गेला, एक कोकणात. आत जायचा अधिकार असलेली मी एकटी राहिले.

झाडाला कोणाची सही लागत नाही, पाणी लागतं. ते मी घालत होते. रविवारीसुद्धा सकाळी पाणी घालायचं, गाडी पकडून अमरावतीला जायचं आणि सोमवारी पहाटे परत फिरायचं. बाकी दिवस मोर्णा नदीपलीकडं जुन्या शहरात भाड्याची खोली. मुलगी तापानं फणफणली तेव्हा नवरा फोनवर म्हणाला, "आज नाही पाणी घातलं तर काय होईल?" उन्हाळा होता. काय होईल ते मला माहीत होतं. मी गेले नाही. नवऱ्यानंही पुन्हा विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

अशात अमरावतीच्या एका महाविद्यालयात मला नोकरी मिळाली. कायमची, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी नव्या साहेबांकडं कार्यमुक्ती मागायला गेले; त्या पत्राशिवाय महाविद्यालय रुजू करून घेणार नव्हतं.

"तुम्हाला सोडायला माझी काहीच हरकत नाही," ते म्हणाले. माणूस भला होता. "पण चार्ज कोणाला देणार?"

"ज्याला तुम्ही सांगाल त्याला."

"तसं नाही ना चालत, मॅडम. करारात तुमचं नाव आहे. नाव बदलायचं तर दोन्ही सरकारांची संमती लागते. आणि ते लोक तर आता उत्तरच देत नाहीत."

"म्हणजे उत्तर येईपर्यंत मी इथंच?"

त्यांनी माझ्यासमोर चहाचा कप सरकवला. "घ्या," म्हणाले.

तिकडच्या बाईंना मी हे सांगितलं. आता त्या स्वतःच्या स्वयंपाकघरातून बोलायच्या, कारण त्यांची प्रयोगशाळा बंद करून त्यांना दुसऱ्या खात्यात बसवलं होतं. त्यांनी चष्मा काढून ओट्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "माझ्याशी बोलायची तुला आता परवानगी नाही, मलाही नाही. पण मी दर आठवड्याला बोलणार आहे." महाविद्यालयानं दोनदा मुदत वाढवून दिली आणि मग दुसऱ्या कोणाला तरी घेतलं.

बाबांना यातलं अर्धंच माहीत होतं. एकदा माहेरी गेले तेव्हा ते मला बागेत घेऊन गेले. उभी झाडं हाताच्या बोटांवर मोजावी इतकी उरली होती. ते म्हणाले, "तुयाजवळचं एक रोप दे न वो. एकच. कोणाले समजते?"

"बाबा, नाही देता येत."

"काहून? सडून रायली का तिथं?"

"सडत नाहीत. चांगली आहेत."

"मंग?"

त्यांनी वाळलेली एक फांदी कडकन मोडली आणि पुढं चालायला लागले.

त्यानंतरच्या मे महिन्यातली गोष्ट. शनिवार होता, कार्यालयाला सुट्टी. बाबा अकोल्याला डोळे दाखवायला येणार होते आणि तिथून माझ्याकडं. मी दुपारी जाळीघरात गेले, कारण फवाऱ्याची मोटर बंद पडली होती आणि झाडांची पानं वळायला लागली होती. बाहेरच्या हौदातून झारी भरभरून आणून पाणी घालून झालं. बाहेर पडायला आतल्या दाराची मूठ फिरवली तर ती माझ्या हातातच आली. तिचा दांडा पलीकडच्या बाजूला पडल्याचा आवाज ऐकू आला. मोबाईलही पलीकडंच.

आधी मी हसले. मग हाका मारल्या. चौकीदार लांब फाटकावर. जाळीघराच्या मागं नुसतं नांगरलेलं शेत. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन, त्यात वरती प्लॅस्टिक. नळ फवाऱ्याच्या मोटरवर, म्हणजे बंद. झारीत उरलं होतं ते पाणी प्यायले. मग घाम यायचा थांबला, आणि त्याचा अर्थ मला ठाऊक होता: उष्माघात.

माझ्या एप्रनच्या खिशात कलम बांधायचा चाकू होता. जाळीला एक चीर दिली असती तर मी बाहेर आले असते. मी चाकू काढला, जाळीला टेकवला. आणि माझा हात थांबला. जाळी फाटली की नियम मोडला, नियम मोडला की झाडं जाळायची, आणि इतक्या वर्षांचं माझं सगळं फुकट. त्यावेळी हे मला अगदी शहाणपणाचं वाटत होतं. मी चाकू घेऊन तशीच खाली बसले.

"कोणी हाय का?" बाबांचा आवाज.

खोलीला कुलूप पाहून ते इथं आले होते आणि जाळीच्या बाहेर उभे होते, डोक्याला रुमाल. मी कसंबसं सांगितलं. ते दाराकडं धावले तशी मी ओरडले, "आत येऊ नका! तुमच्या चपलांना बागेची माती आहे!"

ते थबकले. चपलांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "चाकू हाय न हातात? काप ते जाळी."

"नाही बाबा."

"अवं मरशील तू!"

"झाडं जाळावी लागतील."

ते काय म्हणाले ते मी लिहीत नाही. झाडांना, दोन्ही सरकारांना आणि मला मिळून ते होतं. मग ते गेले. मला वाटलं रागानं गेले. पण ते बाजूच्या हौदापासून लांब नळी ओढत घेऊन आले आणि जाळीतून माझ्यावर पाणी सोडलं. आधी ते गरम आलं, मग गार. मी जाळीला चिकटून उभी राहिले. नळी तिथंच दगडानं दाबून, "हालू नको तिथून," असं सांगून ते फाटकाकडं पळाले. त्यांना पळताना मी पहिल्यांदाच पाहत होते. चौकीदार पक्कड घेऊन आला आणि त्यानं मधल्या जागेतून आतलं दार उघडलं.

सलाईन लावून मला दवाखान्यात झोपवलं होतं. बाबा कॉटजवळ स्टुलावर बसून होते. म्हणाले, "मले नाई पायजे तुह्यं रोप. पावसाळ्याआधी बाग काढून टाकतो अन् तूर पेरतो." आणि थोड्या वेळानं, "तू कधी सुटशीन वो तिथून?"

त्यांनी बाग खरंच काढली.

पुढच्या हिवाळ्यात अचानक दोन्ही सरकारांची बैठक ठरली. तिकडच्यांना करार पुन्हा हवासा झाला होता, का ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. मोठ्या पडद्यावर ते लोक, इकडं आमचे अधिकारी, मागच्या खुर्चीत मी. झाडं जिवंत आहेत म्हणून दोन्हीकडून टाळ्या झाल्या. चाचणीसाठी ती बाहेर लावायला मंजुरी मिळाली. मग कराराची नवी मुदत वाचली गेली आणि त्यात पुन्हा माझं नाव. मला कोणी विचारलंही नव्हतं.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "माझ्यासोबत दुसरं एक नाव घाला. नाहीतर मी सही करणार नाही."

शेजारचे अधिकारी हळूच म्हणाले, "मॅडम, आनंदाचा दिवस आहे. हे नंतर बघू."

"नंतर नाही."

पडद्यावर मागच्या ओळीत, जुन्या कामावर परत आणलेल्या तिकडच्या बाई दिसत होत्या. त्यांनी आपला माईक चालू केला आणि त्याच तुटक इंग्रजीत म्हणाल्या, "मीसुद्धा. माझ्यासोबतही दुसरं नाव. नाहीतर मीही नाही." मग तिकडच्या अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं.

दुसरं नाव यायला उन्हाळा उजाडला. पातूरचे एक गृहस्थ आले, मितभाषी, झाडांना हात लावण्याआधी हात धुणारे. त्यांच्या हाती किल्ल्यांचा दुसरा जुडगा दिला आणि एका साध्या बुधवारी मी अमरावतीची गाडी पकडली. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभी राहिले. मुलगी आता तिसरीत होती. मैत्रिणींबरोबर बोलत बाहेर आली, मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, काय झालं?" तिनं विचारलं. "आजोबा बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत. मी अशीच आले."

"आज तर बुधवार आहे."

"हो."

तिनं दप्तर माझ्याकडं दिलं नाही. रस्ता ओलांडेपर्यंत ती मला न्याहाळत होती. मग विचारलं, "परत कधी जाणार?"

"उद्या," मी म्हणाले.