तिसऱ्या रांगेतलं व्हायोलिन

हनुवटी डाव्या खांद्याकडे झुकवून काका बोट वर करायचे. "गप्प! आता तो श्वास घेणार." आणि खरंच, रेकॉर्डवर व्हायोलिनच्या उंच सुराच्या अगदी आधी कुणीतरी नाकाने श्वास ओढायचं.

इथे आखातात, अल मजाजला, आमच्या वरच्या मजल्यावर ते मुलाकडे राहत. उभा जन्म त्यांनी मुंबईच्या स्टुडिओंत सिनेमासाठी व्हायोलिन वाजवलं, तेही तिसऱ्या रांगेत. नाव एकाही रेकॉर्डवर नाही. सून त्यांना हौशी वादक समजायची, आणि ते त्यांना फार लागायचं.

मी जाहिरातींना पार्श्वसंगीत लावतो. अल क्वोजच्या एका गोडाऊनमधून जुन्या इटालियन रेकॉर्ड आणून रविवारी दुपारी आम्ही ऐकत बसायचो. असलं संगीत तुम्हीही नकळत ऐकलं असेल. रोममधले वादक सिनेमा ठरण्याआधीच पाठलागाचं, खुनाचं, ओसाड किनाऱ्याचं संगीत वाजवून ठेवत. ज्याला हवं त्याने घ्यावं. त्यांचीही नावं बहुधा कुठेच नसत. "आपल्याच बिरादरीतले," ते म्हणायचे.

त्या ओसाड किनाऱ्याच्या तुकड्याला एकदा ते ताडकन उठले. "अरे, हा मी आहे!"

"काका, रोमला कधी गेला होतात?"

"पासपोर्टच इथे येताना काढला. पण श्वास माझाच. त्यापायी रेकॉर्डिस्ट माझी खुर्ची माइकपासून मागे ढकलायचे."

"मग इटालियन बोला की थोडं!"

ते हसले नाहीत. सुनेला हाक मारून म्हणाले, "ऐक, मी वाजवतोय."

"बाबा, प्लीज, खलास, पुरे आता. जेवून घ्या." आत मिक्सर सुरू झाला.

मग त्यांनी पेटीतून व्हायोलिन काढलं आणि तेच सूर वाजवले. श्वास तोच, तेवढाच, त्याच जागी. माझ्या अंगावर काटा आला. मला त्यांची दयाही आली, कारण ज्याने ऐकायला हवं होतं ते माणूस मिक्सरपाशी होतं.

गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. मुंबईला दिवसकार्य करून परतल्यावर सून एकटीच खाली आली. "दादा, ती रेकॉर्ड लावता? एकदा नीट ऐकायचीय."

मी लावली. गिटार आलं, ऑर्गन आला, ड्रमवरचे ब्रश आले. उंच सुराची जागा आली आणि बाकीचे सगळे व्हायोलिनशिवायच पुढे गेले. मी सुई मागे ठेवली. पुन्हा तेच.

"रेकॉर्ड खराब झाली असेल," मी कसंबसं म्हणालो.

"नाही हो." ती खाली फरशीवरच बसली. "बाबा वाजवत नाहीयेत."