साठच्या वेगाला येणारी थरथर

माझ्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. त्यातून ते सावरले, पण डावा पाय अधू राहिला. आमची जुनी गाडी क्लचची होती. ती विकून आम्ही एक वापरलेली ऑटोमॅटिक घेतली. तूर्त मी बँकेतल्या नोकरीवरून घरी आले की गाडी मीच चालवायची आणि ते शेजारी बसायचे. जन्मभर रेल्वेत डिझेल इंजिनांची कामं केलेला माणूस, पण आजारानंतर विचारलं तेवढंच बोलायचे.

जानकीपुरमहून सीतापूर रोडला लागलं आणि वेग साठच्या आसपास गेला की गाडी थरथरायची. रस्त्यावर बारीक पट्ट्या असाव्यात तशी. निशातगंजच्या गॅरेजात प्लग बदलून घेतले. फरक नाही. मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "मम्मी, बेच दो इसे."

"थांब जरा," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "रविवारी सकाळी जाऊ. रस्ता मोकळा असतो."

रविवारी आम्ही दोघंच निघालो. वेग साठला पोचल्यावर हे म्हणाले,

"आता पाय आहे तसाच ठेव. आरपीएमचा काटा बघ."

वेग तोच होता, पण काटा किंचित खाली आला आणि गाडी थरथरली.

"आता डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श कर."

"अहो, डावा पाय वापरायचा नाही असं तुम्हीच सांगितलं होतं ना!"

"आज वापर. मागे कोणी नाही."

पाय टेकवला. काटा वर गेला, थरथर थांबली. पाय उचलला, थोड्या वेळाने काटा उतरला आणि थरथर परत आली. हे मोठ्याने हसले. कितीतरी दिवसांनी ते हसणं ऐकलं.

"इंजिन ठीक आहे. लॉकअपची भानगड आहे."

"म्हणजे?"

"इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेलाने भरलेला एक डबा असतो. त्यात समोरासमोर दोन पंखे. एकाला इंजिन फिरवतं, तो तेल दुसऱ्यावर फेकतो, त्या जोराने दुसरा फिरतो. दोघांत पक्की जोडणी नाही, म्हणून सिग्नलला थांबलीस तरी इंजिन बंद पडत नाही."

"मग लॉक कशाला?"

"तेल घसरतं ना! दुसरा पंखा नेहमी थोडा मागे. पेट्रोल वाया जातं, तेल तापतं. म्हणून वेग स्थिरावला की आतली क्लच प्लेट दोघांना घट्ट जोडते. काटा उतरतो तो तेव्हा. ब्रेकला पाय लागला की सुटते. आपली प्लेट नीट धरत नाही, धरते-सुटते. तेल खराब झालं असणार. प्लेटच झिजली असेल तर मात्र मोठं काम."

त्यांचं बोलणं ऐकता ऐकता बक्षी का तालाब गाव कधी मागे पडलं कळलंच नाही. मी गाडी वळवली नाही, बोलू दिलं.

अलीगंजच्या एका गॅरेजात गिअरबॉक्सचं तेल बदललं. जुनं तेल काळं होतं, जळका वास येत होता. काही दिवस थरथर थोडी जाणवली, मग गेली. प्लेट वाचली होती.

हिवाळा सरताना डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा हे स्वतः स्टिअरिंगवर बसले. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर, दोन्ही उजव्या पायाने. कॉलनीतल्या रस्त्यावरून सायकलच्या चालीने गाडी नेली, सब्जीच्या ठेल्यापाशी उभी केली आणि काच खाली करून विचारलं, "भैया, मटर ताज़ी है?"