दुसरी डिस्क आणि एक 'हव'

रायपुरात 'हव' म्हणजे हो. पण हे हो दोन जातींचं असतं, आणि त्यातला फरक मला, रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं त्या सुरुवातीच्या दिवसांत, एका दुपारी कळला. एक हव म्हणजे काम झालं. दुसरं हव म्हणजे ऐकलं, आता डोकं खाऊ नका.

राज्य नवं, खातं नवं, इमारत मात्र जुन्या गोदामाची. तिथे मी कंत्राटावर युनिक्स सर्व्हर सांभाळत होते. सर्व्हर भोपाळहून ट्रकने आला होता, घरच्या वाटणीत पदरी पडलेल्या भांड्यासारखा, पोचे पडलेला. कोणता कर्मचारी छत्तीसगडात राहणार आणि कोण मध्य प्रदेशात जाणार, ही सगळी माहिती त्याच्यात होती. भोपाळने एक यादी आधीच करून ठेवली होती. तिच्यावरच्या हरकती जोडून नवी यादी आम्ही त्या संध्याकाळपर्यंत काढायची होती. निघाली नाही तर भोपाळचीच कायम.

त्या यादीत माझी आई होती. सरकारी दवाखान्यात नर्स, इंजेक्शन देण्याआधी बाटलीवरचं नाव दोनदा वाचणारी. वडील गेल्यावर तात्यापारा मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. भोपाळने तिला तिकडच्या वाट्याला घातलं होतं. तिची हरकत मीच टाइप केली होती, त्यामुळे त्या दिवशी मला सर्व्हर नुसता सर्व्हर दिसत नव्हता.

सकाळीच पहिली डिस्क चुका दाखवायला लागली. त्यात वीज मंडळाचा निरोप आला, दोनपासून तासभर वीज बंद. आमच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच मान टाकलेली. म्हणजे मशीन बंद करावंच लागणार होतं, आणि आजारी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेल याचा काय भरवसा? माहितीची नक्कल उतरवायचा टेप ड्राइव्ह तर आल्या दिवसापासून टेप चावून खात होता.

आधार एकच. मिररिंग. एका डिस्कवर लिहिलं की तेच लगेच दुसरीवरही लिहिलं जातं. हे काम माझ्या आधीपासून तिथे असलेल्या ऑपरेटर भैयाने केलं होतं. माणूस गोड, कधी कुणाला नाही म्हणायचा नाही. तोच तर त्रास होता.

"भैया, मिररिंग हुआ है ना?"

"हव."

"पूरा?"

"हव, दीदी."

"दूसरी डिस्क से मशीन उठाकर देखे हो?"

यावर हव आलं नाही. तो पंख्याकडे बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "वो तो नई देखे हन."

मी खुर्ची ओढली. बसले आणि एकेक तपासायला लागले. माहिती दोन्हीकडे अगदी सारखी होती, एका ओळीचाही फरक नाही. पण मशीनला जागं करणारा छोटा प्रोग्राम अशा मिररिंगमध्ये आपोआप उतरत नाही, तो दुसऱ्या डिस्कवर वेगळा लिहावा लागतो. तिथे तो नव्हता. घर भरलेलं आणि दाराला किल्लीच नाही! मी भैयावर काय काय ओरडले ते इथे लिहीत नाही. तो प्रत्येक वाक्याला हव म्हणत होता.

तो प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवर लिहिला आणि मशीन बंद केलं. लगेच वीज गेली. खोली एवढी शांत झाली की लांबच्या सदर बाजारातले हॉर्न ऐकू यायला लागले. साहेब दारात उभे राहून विचारत होते, "मैडम, हो जाएगा ना?" मी त्यांना दारातून बाजूला व्हायला सांगितलं. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी उद्धट होते.

वीज आली. बटण दाबलं. पहिली डिस्क टक टक करत राहिली आणि गप्प झाली. ती गेलीच. मी ती बाहेर ओढली आणि मशीनला दुसरीवरून सुरू व्हायला सांगितलं. पडद्यावर ओळी आल्या, आणि मध्येच थांबल्या. कोरम नाही म्हणे. दोन डिस्कांपैकी एकच हजर, सभा कशी भरवायची? पंचायतीचा नियम या डब्यालाही! घाम पुसत पुन्हा सुरू केलं, आणि या वेळी आज्ञेतच सांगितलं, जेवढे हजर आहेत तेवढ्यांवर उठ. ओळी पुन्हा धावल्या. लॉगिन आलं. भैयाने हात जोडले, मशीनला की मला कोण जाणे.

पाचच्या सुमाराला प्रिंटर यादी छापायला लागला. कागद माझ्या हाताशी घडी होऊन पडत होते. सगळी दुपार कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही मी, पण त्या कागदांत आईचं नाव बघायची हिंमत झाली नाही. यादी बाहेर बोर्डावर लागली. मी मात्र नवी डिस्क मागवायच्या निमित्ताने आतच बसून राहिले.

घरी पोचले तेव्हा आई भाजी चिरत होती. मान वर न करता तिने विचारलं, "निघाली यादी? मले रायपूरलेच ठेवलं ना?"

"हव," मी म्हणाले.

विळीवरचा तिचा हात थांबला. "पाहून सांगून राहिली, का तशीच?"

मी पंख्याकडे बघायला लागले.

"ड्यूटीवरून येता येता मी बोर्डावर पाहून आली," ती म्हणाली. "दोनदा वाचलं. बालाघाट हाये, मध्य प्रदेशातच." मग भाजी पातेल्यात लोटत म्हणाली, "गोंदियाहून बालाघाटची गाडी कितीले असते, ते तरी पाहून सांगजो, पोट्टी."