उतरतानाचे आकडे

नवनाथ पगारेमामांना एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. नाशिकच्या आमच्या कॉलेजात एकतीस वर्षं ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. त्यांना खुर्ची आहे, पण तिच्यावर त्यांची डब्याची पिशवी बसते. त्या दोन दिवसांत मात्र त्यांच्या येरझाऱ्यांनी माझं डोकं उठलं.

आधीच माझा जीव टांगणीला होता. शनिवारी समितीपुढे तीन वर्षांचं संशोधन मांडायचं होतं आणि ते फसलं होतं. काचेवर अतिशय पातळ थरांची एक रचना, ठरावीक रंगाचा प्रकाश अडवणारी. प्रकाशाचा जोर वाढवत नेला की त्या प्रकाशानेच थरांचा गुण थोडा बदलतो आणि अडलेला प्रकाश एकदम पार होतो. मग जोर कमी केला तरी ती वाट लगेच बंद होत नाही, हे मला दाखवायचं होतं. भावाच्या लग्नाला येवल्याला गेले तेव्हा शेवटची मोजणी मामांवर सोपवली. बुधवारी परतले, तर चढतानाचे आणि उतरतानाचे आकडे तंतोतंत सारखे. म्हणजे दाखवायला काहीच नाही. मी रडले, खोटं कशाला सांगू. पुन्हा मोजायचा धीरही उरला नव्हता.

शुक्रवारी दुपारी मामा माझ्या टेबलाशी आले, गेले, परत आले.

"मामा, बसा तरी, नाहीतर बाहेर जा," मी खेकसले.

"ताई, उतरतानाचे आकडे मोजलेले नाय. मी लिहिलेत."

मी आकड्यांची वही पुढे ओढली.

"मोजले होते, पण लय चुकत होते. जोर अठ्ठावीसला गेला तवा उजेड पार झाला, अन् उतरताना वीसवर आला तरी तसाच. म्हटलं माझाच हात चुकला. मग पोरं प्रयोगाच्या जर्नलात करतात तसं जुळवून टाकलं."

जर्नलात करतात तसं. तारेला वजन चढवतानाचा आकडा, वजन उतरवतानाचा आकडा, सरासरी. दोन रकाने जुळले नाहीत तर सही मिळत नाही, हे अकरावीपासून मलाही पाठ. मीही कितीदा जुळवले होते. रागवणार कुणावर?

मी त्यांना हाताला धरून लेसरपाशी नेलं. अठ्ठावीसला प्रकाश पार झाला. मग उतरवत आलो. पंचवीस. बावीस. वीस. पडद्यावरचा ठिपका तसाच. एकोणिसाला तो विझला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मला हसू आवरेना.

"मामा, तुमचं बरोबर होतं."

मामा हसले नाहीत. त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खुर्चीत बसले.

"एकतीस वर्षं पोरांना सांगतोय, जुळत नाय तर खोडा," ते म्हणाले. "त्यातलं किती जणांचं बरोबर असंल, ताई?"