केतकी लढली तेव्हा मी कुठे होतो

बायकोला वाटतं, मला झोप लागत नाही ती ॲसिडिटीमुळे. खरं कारण मी तिला कधी सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण आता ते आत मावत नाही.

नेरूळला मी मुलांना कराटे शिकवतो. नवीन पालक आले की सांगतो — अंगात चपळाई येते, अभ्यासात लक्ष लागतं, मूल धीट होतं. यातलं काही खोटं नाही. माझ्या क्लासमधल्या केतकीत मी ते घडताना पाहिलंय. तिचे वडील साताऱ्याकडचे, मार्केटमध्ये माथाडी. आली तेव्हा नाव विचारलं तरी आईमागे लपायची. आणि चौदाव्या वर्षी तिची राज्य स्पर्धेसाठी निवड झाली.

त्याच आठवड्यात — कसं सांगू? — क्लास सुटल्यावर मी स्कूटर काढत होतो. गल्लीत पुढे दोघांनी केतकीला अडवलं होतं. एकाने तिचा हात धरलेला. मी धावायला हवं होतं ना? ब्लॅक बेल्ट मी. मी उभ्या टेम्पोमागे सरकलो. पाय हलेनात, असं म्हणू? नाही — पाय हलले. मागे हलले.

तिने एकाला लाथ घातली. दुसऱ्याने ढकललं, ती मनगटावर पडली. तशीच उठून ओरडत राहिली. दुकानातली माणसं धावली, ते दोघे पळाले. मी सगळ्यांत शेवटी पोचलो — धापा टाकत, जणू लांबून आलोय.

रिक्षात मोडलेला हात छातीशी धरून ती म्हणाली, "सर, तुमी शिकवलं तसंच केलं."

हॉस्पिटलात तिचे वडील माझ्या पाया पडायला वाकले. "तुमच्यामुळं वाचली पोर."

मी वाकू दिलं.

मनगट नीट जुळलंच नाही. स्पर्धा गेली, खेळही सुटला. आणि मी काय केलं? वर्षानुवर्षं तिचीच गोष्ट सांगून ॲडमिशन घेतल्या.

काल तिने तळवलीत मुलींसाठी स्वतःचा स्वसंरक्षणाचा क्लास सुरू केला. उद्घाटनाला मीच. "सर, दुसऱ्या कुणाला बोलवू?" म्हणाली होती. सगळ्या मुलींसमोर तिने सांगितलं, त्या दिवशी सर जवळ नव्हते, पण त्यांचा आवाज कानात होता.

तेव्हा तरी बोलता आलं असतं. ती हाताच्या अंतरावर होती.

मी मान खाली केली आणि तिला हार घालू दिला.